बॉल अंतराळात गेला म्हणजे नक्की कुठे गेला?

2023च्या जूनमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. वनडे वर्ल्ड कपची ट्रॉफी, मागे काळंकुट्ट आकाश, खाली पृथ्वीची निळी गोलाई, आणि मध्ये ही एकटीच चमकतेय. खाली काकांचा मेसेज, "ट्रॉफी अंतराळात पोचली, आता आपली टीम निदान फायनलला पोचू दे." (पोचली की. पुढचं काढू नका.) मग नेहमीसारख्या दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे हे सगळं कॉम्प्युटरवर बनवलंय, दुसरी म्हणे नाही नाही, इस्रोने रॉकेटने पाठवलीय. दोघंही चूक.

ट्रॉफी खरंच वर गेली होती. आयसीसीच्या म्हणण्याप्रमाणे 1,20,000 फूट, म्हणजे साधारण साडेछत्तीस किलोमीटर. पण ती गेली फुग्यातून, आणि साडेछत्तीस किलोमीटरला अंतराळ म्हणत नाहीत. अंतराळ सुरू होतं 100 किलोमीटरला, त्याला कारमान रेषा म्हणतात. अमेरिकावाले थोडे उदार आहेत, ते 80ला सुरू झालं म्हणतात. दोन्हीपैकी कुठलाही आकडा घ्या, ट्रॉफी अर्ध्या वाटेतूनच परत फिरली.

मग आकाश काळं कसं दिसलं? कारण तेवढ्या उंचीवर 99 टक्क्यांहून जास्त हवा आपल्या खाली राहिलेली असते. आकाश निळं दिसतं ते हवेमुळे, हवाच संपली की भरदुपारीसुद्धा वर काळोख. म्हणून ही उंची जाहिरातवाल्यांना भारी आवडते, फोटो अंतराळाचा आणि बिल फुग्याचं.

फुग्याची भानगड तशी सोपी आहे. हेलियम किंवा हायड्रोजन भरायचा, खाली एक पेटी बांधायची, पेटीत कॅमेरे, जीपीएस आणि पुढे एका दांडीवर जे काय मिरवायचं असेल ते. फुगा वर जातो तसा बाहेरचा दाब कमी होतो, फुगा आणखी आणखी फुगत जातो आणि शेवटी फुटतो, मग पॅराशूटने सगळं खाली. हवामान खातं रोज असले फुगे सोडतं, आणि आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं हैदराबादला खास केंद्र आहे, तिथून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं मोठे फुगे याच उंचीवर पाठवतायत, फक्त त्यांना ट्रॉफी लटकवायची नसते म्हणून व्हॉट्सअपवर येत नाहीत.

तर खेळाचं सामान "अंतराळात पाठवलं" असं कुठल्या ब्रँडने सांगितलं की आधी विचारायचं, किती वर? आणि वर गेलं ते राहिलं का लगेच खाली आलं? कारण वर जाणं आणि वर राहणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

इंटरनॅशनल स्पेस स्टेशन, यापुढे नुसतं स्टेशन म्हणतो, जमिनीपासून 400 किलोमीटरवर फिरतं. म्हणजे मुंबई-कोल्हापूर एवढंच की हो, रस्ता फक्त सरळ उभा. उंचीचं काही नाही, खरा खर्च आहे वेगाचा. स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतंय, एवढ्या वेगात मुंबई-पुणे वीसेक सेकंदात होतं. हा वेग कशासाठी, तर खाली पडू नये म्हणून. खरं तर ते पडतच असतं, पण पुढे इतक्या जोरात जातं की पडता पडता पृथ्वीच खालून वळते आणि जमीन काही हाताला लागत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हे आपल्याला कुणीतरी चुकीचं सांगितलंय, जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. स्टेशन, आतली माणसं, बॉल, पाण्याचा थेंब, सगळे मिळून एकाच वेगाने पडतायत, म्हणून एकमेकांच्या हिशोबात तरंगतात.

तर एखादा फुटबॉल या वेगाला न्यायचा म्हणजे रॉकेट पाहिजे, आणि रॉकेटमध्ये दर ग्रॅमचा भाव. हा भाव गुपित नाही बरं का. 2019च्या जूनमध्ये नासाने जाहीर केलं की आता स्टेशनवर धंद्याची कामंही करून देऊ, आणि चक्क रेट कार्ड काढलं. सामान वर न्यायला किलोला 3,000 डॉलर, अंतराळवीराचा वेळ तासाला 17,500 डॉलर. लोकांना वाटलं स्वस्त आहे, तर स्वस्तच होतं, कारण त्यात सरकारी सबसिडी होती. मार्च 2021मध्ये नासाने भाव बदलले, वर न्यायचे किलोला 20,000, परत आणायचे 40,000 आणि अंतराळवीराचा तास 1,30,000 डॉलर. आजच्या भावाने एका तासाचे कोटीच्या वर रुपये!

आता हिशोब करा. मॅचचा फुटबॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो, नव्या रेटने वर न्यायला पावणेनऊ हजार डॉलरच्या आसपास. मोठ्या ब्रँडला हे चहापाणी. पण त्या बॉलला कुणीतरी कॅमेऱ्यासमोर किक मारायची, दुसऱ्याने शूट करायचं, जमलं नाही तर परत मारायचं, आणि मीटर तासाचा चालू. म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाच्या सुटापेक्षा फोटोग्राफरचं पॅकेज जास्त असतं तसं झालं. एका मेकअप कंपनीने 2020 साली सीरमच्या 10 बाटल्या पाठवून फोटो काढून घेतले होते जुन्या रेटने, 1,28,000 डॉलरला.

आणि त्यातही नासाचा अंतराळवीर फोटोत दिसणार नाही! तो सरकारी नोकर, त्याला जाहिरात करायला बंदी. तो बाटली तरंगत सोडेल, कॅमेरा धरेल, पण "मी हेच वापरतो" म्हणणार नाही. या बाबतीत नासाला जुना चटका आहे. 1971 साली अपोलो 15च्या तिघांनी 398 टपाल पाकिटं परवानगी न घेता चंद्रावर नेऊन आणली, त्यातली शंभर एका जर्मन स्टॅम्पवाल्याच्या हातात गेली, बोंबाबोंब झाली आणि तिघांवर कारवाई झाली. तेव्हापासून कुणी काय खिशात घालून नेतंय यावर बारीक नजर असते.

पैसे आणि परवानगी झाली तरी वस्तू तपासून घ्यावी लागते. बंद घरात नवीन रंग दिल्यावर डोकं दुखतं ना, स्टेशन हे असं घर आहे ज्याची खिडकी कधीच उघडता येत नाही. म्हणून बॉलचा गोंद, रबर, रंग, यातून काय वाफा निघतात, तो पेट घेतो का, घेतला तर किती धूर, हे सगळं आधी बघतात. बॅटरी असेल तर तिचं वेगळं पुराण.

बरं, सगळंच काही दिखाव्यासाठी असतं असंही नाही. 2019च्या नोव्हेंबरमध्ये आदिदासने स्टेशनवरच्या अमेरिकी नॅशनल लॅबशी करार केला आणि फुटबॉल आणि बुटांचे प्रयोग वर नेले. बॉलचं कारण ऐका. फुटबॉल हवेत कसा वळतो हे बघायला जमिनीवर तो विंड टनेलमध्ये ठेवतात, पण तिथे तो दांडीवर बसवावा लागतो, आणि दांडी आली की हवेचा प्रवाह थोडा बिघडतोच. नुसता फेकला तर दोन सेकंदात खाली. स्टेशनवर हवा आपल्यासारखीच, दाबही घरातल्याइतकाच, पण बॉल खाली पडत नाही, त्यामुळे फिरवून सोडला की आरामात बघत बसता येतं.

बुटाचा प्रयोग मला जास्त आवडला. आदिदासच्या बूस्ट सोलमध्ये फोमचे हजारो बारके दाणे वाफेने चिकटवलेले असतात. त्यांना वाटलं वेगवेगळ्या जातीचे दाणे मिसळले तर टाचेला मऊ, पुढे कडक असं एकाच सोलमध्ये करता येईल. पण आपला चिवड्याचा डबा आठवा, चार दिवस हलवला की खोबऱ्याचे काप वर आणि चुरा, तिखट-मीठ सगळं तळाला. गुरुत्वाकर्षण असलं की मिसळलेले दाणे असे वेगळे होतात. मग ते काढूनच टाकलं तर दाणे कसे वागतात हे बघायला मार्च 2020मध्ये सामानाच्या यानातून हा प्रयोग वर गेला. आता यातून कंपनीला मिळालेली प्रसिद्धी जास्त का ज्ञान जास्त, याबद्दल मला शंका आहे, पण प्रश्न खरा होता हे मान्य.

फुटबॉल आणि नासाचं नातं तसं जुनं. 2010च्या वर्ल्ड कपचा जाबुलानी बॉल आठवतो का, ज्याच्या नावाने सगळे गोलकीपर खडे फोडत होते? 8च पॅनल, शिवण फारशी नाही, त्यामुळे एका ठराविक वेगाला तो हवेत डुलायचा. 2014चा ब्राझुका बॉल नासाच्या एम्स सेंटरमध्ये तपासला रबी मेहता यांनी. हे तेच, क्रिकेटचा बॉल स्विंग का होतो यावर ज्यांनी आयुष्यभर काम केलंय, आणि इंग्लंडच्या शाळेत इम्रान खानबरोबर शिकलेत. ब्राझुकाला 6च पॅनल, पण शिवण जास्त लांब आणि खोल, म्हणून तो जास्त शहाण्यासारखा उडायचा. त्याच वर्षी स्टेशनवर रीड वाइजमन, स्टीव्ह स्वॉन्सन आणि जर्मनीचे अलेक्झांडर गेर्स्ट तरंगत तरंगत फुटबॉल खेळले. 2018ला रशियात वर्ल्ड कप, तर अंतोन श्काप्लेरोव्ह आणि ओलेग आर्तेमेव्ह यांनी वर टेलस्टार बॉल खेळून दाखवला, 3 जूनला श्काप्लेरोव्ह तो घेऊन सोयुझ यानातून खाली उतरले आणि 14 तारखेच्या उद्घाटनाच्या मॅचला बॉल मॉस्कोत हजर. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर बॅडमिंटनसुद्धा झालं, चौघं खेळाडू आणि रशिया, अमेरिका, जपान असे तीन देश.

मध्येच एक गंमत. टीव्हीचा रिमोट घ्या, बटणं वर करून आडवा धरा आणि पुढचं टोक आपल्याकडे येईल असा गिरकी देऊन उडवा. हातात येईपर्यंत तो कुशीवर उलटलेला असतो, कितीही जपून उडवा. बॅटचं, रॅकेटचं तेच, म्हणून याला टेनिस रॅकेटचा नियम म्हणतात. लांब, रुंद आणि जाड अशा तीन दिशा असलेली वस्तू मधल्या आसाभोवती नीट फिरतच नाही. 1985 साली साल्युत 7 या जुन्या सोव्हिएत अंतराळस्थानकावर रशियन अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांनी एक नट सोडवला, तो फिरत फिरत जाताना ठराविक वेळाने आपोआप कोलांटी मारत होता, परत सरळ, परत कोलांटी. तेव्हा उद्या कुणी बॅट वर नेऊन शूटिंग केलंच आणि ती मध्येच उलटली तर कॉम्प्युटरवर बनवलंय म्हणून भांडू नका.

हे सगळं आतलं झालं. आता बाहेर जाऊ, खरी मजा तिथे आहे.

कॅनडाची एक गोल्फ कंपनी होती, एलिमेंट 21. 21 नंबरचं मूलद्रव्य म्हणजे स्कँडियम, त्याच्या मिश्रधातूच्या काठ्या ते विकायचे. त्यांनी रशियन स्पेस एजन्सीला पैसे दिले, कारण रशियन लोक याबाबतीत मोकळे, मीर स्टेशनवर 1990च्या दशकात पेप्सीचा डबा फिरवून झालेला, 2000 साली प्रोटॉन रॉकेटवर पिझ्झा हटचा लोगो रंगवून झालेला. ठरलं असं की स्पेसवॉक करताना अंतराळवीर स्टेशनच्या बाहेर उभं राहून गोल्फचा शॉट मारणार. अंतराळात. बाहेर. बॉल सुटणार.

नासाच्या सेफ्टीवाल्यांची झोप उडाली असणार. बॉल चुकून सोलर पॅनलवर बसला तर? आणि समजा नीट गेला, तरी तो जाणार कुठे? इथे खाली चेंडू शेजारच्यांच्या गच्चीत गेला तर काकू फार तर देणार नाहीत. वर तो आपल्याच कक्षेत फिरत राहतो आणि फिरून आपल्याच घरी येऊ शकतो. शॉट पुढे ढकलला गेला, नीट हिशोब झाला, मग दोन गोष्टी ठरल्या. बॉल हलका, फक्त 3 ग्रॅमचा (खरा गोल्फ बॉल 45 ग्रॅमच्या पुढे असतो), आणि शॉट मागच्या दिशेला.

मागेच का, हे समजलं की अर्धं अंतराळशास्त्र समजलं म्हणा. स्टेशन सेकंदाला 7,660 मीटर पळतंय, बॉलही. समजा मागे मारताना बॉलला सेकंदाला 1 मीटर वेग दिला, तर तो थांबत नाही की उलटा जात नाही, तो अजूनही पुढेच चाललाय, फक्त 7,659 मीटरने. धावत्या लोकलमधून मागे फेकलेलं शेंगाचं टरफलही फलाटावरच्या माणसाला पुढेच जाताना दिसतं, तसंच. पण वेग जरासा कमी झाल्यामुळे बॉलची कक्षा खाली झुकते, पलीकडच्या बाजूला साडेतीनेक किलोमीटर खाली. आणि खालची कक्षा म्हणजे मैदानावरची आतली लेन, फेरी लवकर पुरी होते. दीड तासाने एक चक्कर झाली की बॉल स्टेशनच्या दोनेक सेकंद आधी त्या जागी पोचतो, आणि दोन सेकंद म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर. मागे मारलेला बॉल पुढे निघून गेला! पुढे मारला असता तर उलटं, तो वर चढला असता, मागे पडला असता, आणि नंतर खाली येता येता स्टेशनच्या उंचीवरून गेला असता. ते कुणालाच नको होतं.

हलका का? 400 किलोमीटरवरही हवेचे चुकार कण असतात, ते वस्तूला सतत थोपवतात. जड वस्तू त्यांना जुमानत नाही, हलकी लगेच दमते, दगड आणि पीस एकदम फेकून बघा. 3 ग्रॅमचा बॉल लवकर खाली येऊन हवेत जळून जाणार, कचरा राहणार नाही. (फुगवलेला फुटबॉल बाहेर नेला असता तर वेगळीच पंचाईत, नियमाने त्यात बाहेरच्यापेक्षा 0.6 ते 1.1 वातावरण जास्त दाब असतो, एक वातावरण म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा दाब, बाहेर निर्वात असलं की त्यात आपोआप आणखी एक वातावरण जमा.)

तर 2006च्या नोव्हेंबरची 22 तारीख, अमेरिकन वेळेने. मिखाईल ट्युरिन यांच्या सूटचं कूलिंग आधी रुसलं, त्यात तासभर गेला. मग ते बाहेर आले, जोडीला अमेरिकन मायकल लोपेझ-अलेग्रिया पाय धरायला, कारण जोरात फिरलं की माणूसच उलटा फिरतो. हातात सोन्याचा मुलामा दिलेली सिक्स आयर्न काठी, सूट इतका ताठ की दोन हातांनी धरताच येत नाही, म्हणून एका हाताने मारली. बॉल गेला, थोडा तिरका गेला, गोल्फवाले त्याला स्लाइस म्हणतात, म्हणजे अंतराळातही तेच दुखणं. कंपनीचा दावा होता बॉल काही वर्षं फिरेल, लाखो मैल जाईल, इतिहासातला सर्वात लांब शॉट. नासाचा अंदाज, दोन-तीन दिवस. मी नासाच्या बाजूने आहे, पण गंमत बघा, दोन-तीन दिवस धरले तरी त्या वेगात बॉल पंधरा-वीस लाख किलोमीटर जातोच. फक्त ते अंतर शॉटने नाही गेलं, रॉकेटने दिलेल्या वेगाने गेलं. शॉट मारला नसता, बॉल नुसता हातातून सोडून दिला असता, तरी तेवढंच.

बाहेर काही न्यायचं आणि सोडायचं नाही, असंही करतात. 2013च्या 9 नोव्हेंबरला सोची ऑलिम्पिकची मशाल दोन रशियन अंतराळवीरांनी स्पेसवॉकमध्ये मिरवली, दोरीने बांधून. पेटवली मात्र नव्हती. बाहेर ऑक्सिजन नाही, आणि आत पेटवायचं कुणी नावही काढलं नसेल.

उरला चंद्र. तिथे अलीकडचं उदाहरण खेळाचं सामान नाही, खेळाच्या कपड्यांचं आहे. 2024च्या फेब्रुवारीत इंट्युइटिव्ह मशीन्स कंपनीचं यान चंद्रावर उतरलं, त्याच्यावर कोलंबिया स्पोर्ट्सवेअरचा लोगो होता. पण लोगोबरोबर त्यांच्या थंडीच्या जॅकेटला आतून असतं ते चकचकीत सोनेरी अस्तरही यानाच्या एका भागावर लावलं होतं, उष्णता परतवायला. ते अस्तर मुळात अंतराळातल्या चमकदार चादरींवरूनच सुचलेलं, म्हणजे उसना माल परत माहेरी गेला. या सगळ्या यादीत मला हा सौदा सर्वात सरळ वाटतो, तुम्ही चिकटवताय ती वस्तू निदान काहीतरी काम करतेय.

आणि चंद्रावरचा पहिला खेळ, ज्यात कुणी स्पॉन्सरच नव्हता. 6 फेब्रुवारी 1971, अपोलो 14, ॲलन शेपर्ड. नमुने गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला विल्सनच्या सिक्स आयर्नचं डोकं बसवलं आणि सोबत आणलेले दोन गोल्फ बॉल काढले. सूट ताठ, एकाच हाताने. आधी मातीच उडाली. मग एक लागला, मग दुसरा, आणि साहेब ओरडले मैलोन्मैल गेला म्हणून. बॉल कुठल्या कंपनीचे हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्याची जाहिरात होऊ नये म्हणून. विचार करा, तेव्हा नुसतं नाव घेतलं असतं तर त्या कंपनीच्या सात पिढ्यांनी बसून खाल्लं असतं.

पन्नास वर्षांनी, 2021मध्ये, अँडी सॉन्डर्स या इंग्रज माणसाने जुन्या फिल्म्स स्कॅन करून, साफ करून दोन्ही बॉल शोधले आणि अंतर मोजलं. मैलोन्मैलवाला दुसरा 40 यार्ड गेला होता. पहिला 24 यार्ड. आपलं क्रिकेटचं पिच 22 यार्डाचं असतं.